पाळीव सशाच्या निवासाची निगा

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांना जोवर परसू होते, तोवर घरात एखादा ससा असणे ही कोणाच्या नाकाला जाणवणारी गोष्ट नव्हती; मोकळ्या मातीवर पडलेले मूत्र माती शोषून घेई, लेंड्या केराबरोबर खतात जात, आणि स्वच्छतेचा निम्माअधिक भार निसर्ग आपण होऊन उचलीत असे. आता वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि वारज्यापासून वाघोलीपर्यंत ज्या घरांत मुलांच्या हट्टापायी किंवा थोरांच्या हौसेखातर ससा आणला जातो, त्या घरांत त्याच्या वाट्याला बहुधा गॅलरीचा एक कोपरा आणि गुळगुळीत फरशीचा तुकडा येतो. ही फरशी काही शोषीत नाही. मातीने विनातक्रार केलेले काम अशा घरी यजमानाला हाती घ्यावे लागते, आणि ते कसे करावे याची नीट कल्पना नसल्यामुळे अल्पावधीतच घराला उग्र दर्प येऊ लागतो, शेजारी कुरकुर करतात, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विषय निघतो, आणि दोष मात्र त्या मुक्या जिवाच्या माथी मारला जातो.

हा आरोप अन्यायाचा आहे. ससा स्वभावतःच नेटका प्राणी. दिवसाकाठी कितीतरी वेळ तो आपले अंग चाटून साफ करण्यात घालवतो, आणि मलमूत्रविसर्जनाच्या बाबतीत तर त्याला उपजतच एक शिस्त असते. आपण पाळतो तो ससा, मग तो पांढराशुभ्र व तांबड्या डोळ्यांचा असो वा करडा-काळा, मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या मुलुखातील, जमिनीत बिळे खणून जमावाने राहणाऱ्या सशाचा वंशज होय. (आपल्या माळांवर व टेकड्यांवर दिसणारा रानससा हा निराळाच प्राणी, तो असे बीळ खणीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले असल्यामुळे त्याला धरून आणून पाळणे हा गुन्हा ठरतो, हे ओघात सांगून ठेवतो.) बिळाभोवतीच्या प्रदेशात ही मंडळी ठराविक ठिकाणीच लेंड्यांचे ढीग घालतात, आणि त्या ढिगांच्या वासावरून परक्या सशाला ही जागा कोणाच्या वहिवाटीतली आहे याचा बोध होतो. घरात आलेला ससाही थोड्याच दिवसांत आपला एक कोपरा मुक्रर करतो आणि पुनःपुन्हा तेथेच जातो. तो कोपरा ओळखून तेथे योग्य पात्र मांडणे, आणि त्या पात्रात बसणे सशाला सोयीचे होईल अशी भोवतालची रचना करणे, एवढ्यावर स्वच्छतेचे बारा आणे काम उरकते. घासणेपुसणे येते ते उरलेल्या चार आण्यांत.

प्रथम पिंजऱ्याविषयी. बाजारात सशासाठी म्हणून जो पिंजरा विकला जातो त्याच्या तळाला बहुधा तारेची जाळी असते आणि जाळीखाली एक सरकता पत्रा. लेंड्या व मूत्र खाली पडून जाते, वरून सारे स्वच्छ दिसते, आणि घेणारा खूश होतो. परंतु ही स्वच्छता पाहणाऱ्याची आहे, राहणाऱ्याची नव्हे. खालच्या पत्र्यावर साचलेल्या मूत्रातील युरियाचे जंतूंच्या क्रियेने अमोनियात रूपांतर होते, आणि तो वायू वर उठतो तो थेट जाळीवर बसलेल्या सशाच्या नाकाशी. सशाची श्वसनेंद्रिये नाजूक असतात. अमोनियाने त्यांच्या आतील त्वचेचा दाह होऊन रोगजंतूंना वाट मिळते, आणि सतत शिंकणारा, नाकाडोळ्यांतून पाणी गळणारा ससा हा कित्येकदा थंडीने आजारी पडलेला नसून आपल्याच न काढलेल्या मूत्राने पीडलेला असतो. त्यातच सशाच्या तळपायांना कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या नसतात, केवळ केस असतात. रात्रंदिवस तारेवर बसून ते केस झडतात, कातडी सोलवटते, आणि मळ लागून ती जखम चिघळते. म्हणून पिंजरा असलाच तर त्याच्या जाळीवर लाकडी फळी किंवा जाड चटई अंथरावी. त्याहून चांगले म्हणजे रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून जाळीच्या चौकटी आणून खोलीच्या एका अंगाला असे आवार करावे की त्यात सशाला तीन-चार सलग उड्या मारता येतील आणि मागच्या पायांवर ताठ उभे राहिले तरी डोके वर लागणार नाही. जागा ऐसपैस असली म्हणजे निजण्याचे, खाण्याचे आणि विसर्जनाचे ठिकाण त्याला निरनिराळे राखता येते. हातभर पिंजऱ्यात ते कोणालाच राखता यायचे नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, सबब सुती सतरंजीचे दोन तुकडे ठेवावेत, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरा वापरता येतो. ससा तिचे धागे कुरतडून गिळू लागला तर ती काढून गवताची चटई घालावी.

पात्राच्या बाबतीत बहुतेकांची फसगत आकारात होते. कोपऱ्यात बसणारे जे त्रिकोणी भांडे सशांचे म्हणून दुकानदार पुढे करतात, त्यात पिलाखेरीज कोणी मावत नाही. दोन किलो वजनाच्या प्रौढ सशाला सगळे अंग आत घेऊन बसता आणि वळता आले पाहिजे, म्हणजे सुमारे दीड फूट लांब व सव्वा फूट रुंद असे सपाट तळाचे पात्र हवे. मांजरांसाठी मिळणारा मोठा लिटर ट्रे चालतो, आणि तुळशीबागेतला चौकोनी प्लास्टिकचा टब त्याहून कमी दामांत तेच काम करतो. लघवी करताना ससा कोपऱ्याकडे पाठ करून शेपटी वर उचलतो, त्यामुळे पात्राची मागची बाजू वीतभर उंच असावी. पुढची मात्र चार बोटे राहील अशी कापून तिची कड घासून बोथट करावी. लाकडी खोक्याचा मोह टाळावा, कारण कच्चे लाकूड मूत्र पिते आणि एकदा पिऊन बसलेला वास कितीही धुतले तरी जात नाही.

या पात्रात काय घालावे, याचा क्रम असा : तळाला वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर दोन बोटे जाडीचा शोषक थर, आणि सर्वांत वर कोरडे गवत. शोषक थरासाठी कागदाच्या किंवा भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या उत्तम. त्या ओलावा पिऊन फुगतात व भुगा होतात, तेवढाच भाग चमच्याने काढता येतो. भवानी पेठेतील लाकूडबाजारातून पोतेभर भुसा स्वस्तात मिळतो खरा, पण बारीक भुशाची धूळ सशाच्या नाकात जाते, आणि पाइन-देवदारासारख्या सुवासिक लाकडाच्या ताज्या भुशातील उडनशील द्रव्यांचा भार त्याच्या यकृतावर पडतो. आपल्याला जो वास प्रसन्न वाटतो तो त्याला हितकर असेलच असे नाही. मांजरांसाठीची, ओली होताच गठ्ठे बांधणारी माती मात्र सर्वस्वी वर्ज्य समजावी. ससा प्रत्येक वस्तू दाताने चाखून पाहतो, आणि ती माती पोटात गेली तर तिचा गठ्ठा आतड्यात बसतो.

वरच्या गवताकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण सगळी गोम तेथे आहे. सशाचे खाणे आणि लेंड्या टाकणे या क्रिया बहुधा बरोबरीने चालतात. सबब गवताची खानावळ पात्राच्या एका टोकालाच थाटावी, ओंजळी भरभरून, इतकी की पात्रात बसल्याखेरीज तिच्यापर्यंत तोंड पोचू नये. मग दिवसाचा मोठा काळ ससा आपण होऊन पात्रात बसून राहतो आणि लेंड्या जेथे पडाव्यात तेथेच पडतात. काहींना ही व्यवस्था किळसवाणी वाटते व ते गवत दूर नेऊन टांगतात. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की ससा वरचे कोरडे गवत वेचून खातो आणि मळलेले बाजूला सारतो. मात्र वरचे गवत दररोज बदलण्याची जबाबदारी आपली. सशाच्या आहाराचा मुख्य भाग हे वाळलेले गवतच होय. मावळ-मुळशीकडून येणारा भाताचा पेंढा अंथरायला बरा, पण पोषणाला उणा. उलटपक्षी लसूणघास पौष्टिक असला तरी त्यात कॅल्शियम पुष्कळ असते, आणि प्रौढ सशाला तो नित्य घातल्याचे परिणाम पुढे फरशीवर दिसतात.

सवय लावण्याचे काम धीराचे आहे. आरंभी सशाला लहान आवारात ठेवावे, त्याने निवडलेल्या कोपऱ्यात पात्र मांडावे, आणि बाहेर पडलेल्या लेंड्या व मूत्र टिपलेला कागद उचलून त्याच पात्रात टाकावा, म्हणजे वासाने त्याला जागेची खूण पटते. तो हट्टाने दुसरा कोपरा धरीत असेल तर वाद न घालता पात्रच तिकडे न्यावे. आठवडाभर पात्राचा वापर नीट झाला की आवार थोडे वाढवावे. बिघडले तर पुन्हा आखडावे. रागावणे, नाक घासणे, टाळ्या वाजवून घाबरवणे हे उपाय निरुपयोगी तर आहेतच, शिवाय त्याने ससा आपल्याला भिऊ लागतो आणि भ्यालेला ससा अधिक ठिकाणी मुतारी करतो. वयात आलेला नर मूत्राच्या पिचकाऱ्या मारून हद्द आखतो, मादीही जागोजाग खुणा करते, आणि येथे शिकवणुकीचे काही चालत नाही. अशा सशांची नसबंदी सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्यावी, व त्यानंतरही काही आठवडे वाट पाहावी. नर-मादी एकत्र ठेवणाऱ्यांना तर हे अटळच आहे, कारण सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि वाढत्या कुटुंबाची स्वच्छता राखणे हे कोणत्याही गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे आहे. नसबंदी झालेल्या सशानेही चार-दोन सुक्या लेंड्या इकडेतिकडे टाकल्या तर त्या निमूटपणे सुपलीत भराव्यात.

रोजचे काम दहा-पंधरा मिनिटांपलीकडचे नाही. सकाळी पात्रातील ओला भाग व मळलेले गवत काढून नवे घालावे, आवारातला केर झाडावा, उरलेला पाला उचलावा, पाण्याचे भांडे आतून हाताने घासून धुवावे, कारण त्याच्या कडेला जो बुळबुळीत थर धरतो तो नुसते विसळून जात नाही. कसबा पेठेतील कुंभारवाड्यात मिळणारे जाड मातीचे परळ पाण्यासाठी चांगले. ते सहसा उलटत नाही आणि उन्हाळ्यात पाणी गार राखते. दर दोन-तीन दिवसांनी पात्र पूर्ण रिते करून गरम पाण्याने धुवावे व वाळवावे, आठवड्यातून एकदा सगळ्या आवाराची सफाई करावी. एक पथ्य मात्र पाळावे : पात्र आणि आवार एकाच दिवशी निर्गंध करू नये, आणि धुतलेल्या पात्रात जुन्या लेंड्या मूठभर परत टाकाव्यात. आपल्या वहिवाटीची सगळी निशाणी एका सकाळी पुसली गेलेली पाहून ससा ती नव्याने उमटवण्याच्या उद्योगाला लागतो, आणि अतिउत्साही गृहिणीच्या घरी आळशी गृहिणीच्या घरापेक्षा अधिक ठिकाणी मूत्र आढळते याचे रहस्य हेच.

पात्राच्या तळाशी जो पांढरा, खरखरीत थर बसतो त्याने पुष्कळजण चिंतित होतात. सशाचे शरीर अन्नातील जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकते, त्यामुळे त्याचे मूत्र मुळातच थोडे गढूळ असते आणि वाळल्यावर चुन्यासारखा खर मागे राहतो. (त्याचा रंगही खाण्यानुसार पिवळ्यापासून तांबूस नारिंगीपर्यंत पालटतो, रक्ताची शंका आली तर पशुवैद्याला विचारावे, पण दर तांबूस डागाने हातपाय गाळू नयेत.) हा खर साबणाला दाद देत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाण्यात मिसळून अर्धा तास ओतून ठेवला की तो सुटतो, मग काथ्याने घासून पात्र स्वच्छ धुवावे. मात्र हा प्रयोग प्लास्टिकच्या पात्रापुरता आणि चिनी मातीच्या फरशीपुरताच ठीक. पुण्याच्या जुन्या घरांतून अजून शाहाबादी फरशी आहे, आणि शाहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड; आम्लाने जसा खर विरघळतो तसाच त्या दगडाचा पृष्ठभागही खाल्ला जातो आणि कायमचा डाग पडतो. संगमरवर व मोझॅक यांनाही हेच लागू. अशा घरांत आवाराखाली जाड लिनोलियम अंथरावे आणि सांडलेले मूत्र ताबडतोब टिपून साबणाच्या पाण्याने पुसावे.

फिनेलविषयी माझे मत स्पष्ट आहे : सशाच्या घरात त्याला थारा देऊ नये. ससा पायाला लागलेले सर्व काही चाटतो, आणि फिनेलचा वास मूत्राचा वास दडवतो, घालवीत नाही. अमोनियायुक्त द्रव्यांनी लादी पुसली तर सशाला ती मूत्राचीच जागा वाटते. ब्लीचिंग पावडर वापरायची झाल्यास आधी मूत्र पूर्ण धुऊन काढावे, व्हिनेगरशी तिची गाठ पडू देऊ नये, ससा दुसऱ्या खोलीत न्यावा आणि धुतलेली वस्तू पुरती वाळल्यावरच परत द्यावी; मूत्रातील अमोनियाशी किंवा कोणत्याही आम्लाशी तिचा संयोग झाला की विषारी वायू निघतो, व बंद स्नानगृहात तो माणसालाही भोवतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर या काळात पुण्याची हवा दमट, ऊन दुर्मिळ आणि गॅलरीत पश्चिमेकडून झड येणारी. भिजलेल्या गवताला बुरशी धरते, आणि ते खाऊन सशाचे पोट बिघडते. गवताचा साठा कापडी पिशवीत, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलेले गवत आतून घामेजते. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी सशांच्या, विशेषतः पिलांच्या, आतड्यांत व यकृतात उपद्रव करतात. लेंडीतून बाहेर पडलेली त्यांची बीजांडे तत्काळ बाधक नसतात. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत ती पक्व होऊ लागतात. रोजच्या रोज लेंड्या उचलण्याला जे महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. बाजारातील सामान्य जंतुनाशकांना ही बीजांडे जुमानीत नाहीत, उकळत्या पाण्यापुढे मात्र टिकत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा पात्रावर व जाळीवर आधणाचे पाणी ओतावे, आणि ऊन पडेल त्या दिवशी ही दोन्ही उन्हात टाकावीत.

याच दिवसांत माश्यांचे भय असते. स्थूल, म्हातारा किंवा पोट बिघडलेला ससा स्वतःचा पार्श्वभाग साफ करू शकत नाही. तेथील मळलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि चोवीस तासांच्या आत अळ्या निघून कातडी खाऊ लागतात. पावसाळ्यात दररोज ससा उचलून खालची बाजू पाहावी. मळ असेल तर तेवढीच जागा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. सशाला अंघोळ मात्र कदापि घालू नये, कारण भीतीने व गारठ्याने त्याच्या जिवावर बेतते. अळी दिसलीच तर घरगुती उपायांत तास न घालवता दवाखाना गाठावा. उन्हाळ्याचे संकट निराळे : एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो, आणि तिशीच्या पुढे ससा हैराण होतो, तेव्हा पश्चिमेची गॅलरी सोडून त्याला घरात आणावे. कबुतरांच्या विष्ठेपासूनही त्याचे आवार जाळी लावून राखावे.

पात्र साफ करताना नुसते उरकून टाकू नये, थोडे पाहावे. ही सशाची रोजकीर्द आहे. प्रौढ ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या गोल, सारख्या, कोरड्या आणि चुरल्यास गवताच्या तंतूंच्या असाव्यात. त्या लहान व थोड्या होऊ लागल्या तर खाणे कमी झाले आहे. केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या तर केस झडण्याचा हंगाम आहे व गवत वाढवले पाहिजे. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या लेंड्या ससा गुदद्वारापासूनच तोंडात घेऊन गिळतो, आणि त्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. हे पाहून त्याला मारू नये. त्या न खाता पडून राहू लागल्या तर खुराक जड होतो आहे असे समजावे. आणि दहा-बारा तासांत पात्रात एकही लेंडी नसेल व ससा खाण्याला तोंड लावीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच्या आतड्यांची गती थांबली की प्राण वाचवायला फार अवधी उरत नाही.

काढलेल्या घाणीची विल्हेवाट हाही स्वच्छतेचाच भाग. गवत व भुसा शौचकूपात टाकल्यास नळ तुंबतो. दारोदार कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कष्टकरी भगिनींना तो हाताने वेगळा करावा लागतो, म्हणून मळका कागद व गवत जुन्या वर्तमानपत्रात बांधून ओल्या कचऱ्यातच द्यावे, सुक्यात मिसळू नये. ज्यांच्याकडे कुंड्या आहेत त्यांनी मात्र लेंड्या मुळीच फेकू नयेत. त्यांत शेणाहून नत्र अधिक असते, आणि सुक्या लेंड्या गुलाब-जास्वंदीच्या बुडाशी तशाच घातल्या तरी चालतात. मूत्राने भिजलेले गवत आधी काही आठवडे खतात कुजवावे. सफाईनंतर साबणाने हात धुण्याचा दंडक मुलांनाही लावावा, कारण सशाच्या अंगावरील गजकर्ण माणसाला होऊ शकते.

गणपतीला गावी किंवा मे महिन्यात कोकणात जाताना सशाची तजवीज आधीच करावी. नुसते खाणे घालणारा शेजारी पुरत नाही, पात्र बदलणारा हवा. आणि ज्यांना हे रोजचे दहा-पंधरा मिनिटांचे काम वर्षानुवर्षे निभावणार नाही असे वाटत असेल, त्यांनी ससा आणूच नये. नीट निगा राखली तर तो आठ-दहा वर्षे जगतो. आणून मग वासाला कंटाळल्यावर त्याला तळजईच्या किंवा वेताळ टेकडीच्या झाडीत ‘मोकळे’ सोडणारे लोक या शहरात आहेत. पिंजऱ्यात वाढलेल्या सशाला तेथे ना बीळ असते ना बचाव, आणि तो बहुधा पहिल्याच रात्री कुत्र्यांच्या तोंडी पडतो. ज्यांना खरोखरच ठेवणे अशक्य झाले असेल त्यांनी तो दुसऱ्या हौशी घरी, त्याच्या पात्रासह आणि सवयींच्या माहितीसह, हातोहात पोचवावा, एवढी माझी विनंती आहे.